हेडफोन ॲम्प, सुवाह्य

सुवाह्य हेडफोन ॲम्प : मोबाइल फोन आणि हेडफोन यांच्या मध्ये जोडायचे, खिशात मावणारे ध्वनिवर्धक उपकरण. फोनमधून येणारा क्षीण संकेत हेडफोनचा पडदा नीट हलवण्याइतका सबळ करणे हे त्याचे काम. सध्या विकले जाणारे बहुतेक नग यूएसबी-सी खाचेत लागतात. फोनमधल्या आकड्यांचे विद्युत लहरींत रूपांतर करणारी चिप, म्हणजे डॅक, आणि प्रत्यक्ष ॲम्प दोन्ही एकाच बोटभर डबीत, म्हणजे डोंगलमध्ये, असतात. इंदूरला जेल रोडवरच्या मोबाइलच्या दुकानांत ‘डोंगल’ मागितला तर मात्र आधी साधी जॅक जोडायची वायर पुढ्यात येते. अशा काही वायरींत डॅक नसतोच. ज्या फोनच्या यूएसबी खाचेतून तयार ध्वनिसंकेत बाहेर येतो, त्यांनाच त्या चालतात, बाकीच्यांवर मुक्या राहतात. म्हणून दुकानात उभे राहून स्वतःच्याच फोनला लावून पाहावे.

ही उपकरणे स्मार्टफोनच्या आधीची आहेत. 1990च्या दशकाच्या अखेरीस चू मॉय यांनी हौशी मंडळींसाठी 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या एका सुटसुटीत ॲम्पचा आराखडा प्रसिद्ध केला. पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत बसवलेला तो ‘सीमॉय’ जगभर घरोघरी जोडला गेला. पुढे फिओसारख्या चिनी कंपन्यांनी तयार ॲम्प स्वस्तात आणले. त्या काळी फोन आणि ॲम्प रबरबँडने एकमेकांना बांधून वीतभर वायरने जोडत. फोनच्या जॅकमधून एकदा वाढवलेला आवाज पुन्हा वाढवायचा, असा तो द्राविडी प्राणायाम होता. शेजारीच फोनची अँटेना असल्याने टूजी नेटवर्कवर कॉल यायच्या आधी कानात जो टरटर आवाज येई, तोही या जोडगोळीचाच प्रसाद. जीएसएम फोन सेकंदाला सुमारे 217 वेळा संदेश सोडतो आणि ते ठोके वायरीत शिरतात. 2016मध्ये आयफोन 7मधून जॅक गेला, मागोमाग इतर कंपन्यांनीही तो काढला आणि डॅक-ॲम्प एकत्र असलेल्या डबीला खरी गिऱ्हाइकी मिळाली.

ॲम्प लागतो की नाही हे फोनपेक्षा हेडफोनवर ठरते, आणि इथेच सर्वांत जास्त पैसे वाया जातात. फोनचा जॅक किंवा साधा डोंगल फार तर 1 व्होल्टच्या आसपास दाब देतो. 32 ओम रोधाच्या हेडफोनला त्यातून सुमारे 31 मिलिवॉट मिळतात, 300 ओमच्या हेडफोनला जेमतेम 3.3. बेयरडायनॅमिकचा डीटी 770 प्रो हा एकच हेडफोन 32, 80 आणि 250 ओम अशा तीन प्रकारांत मिळतो, आणि 250वाला फोनवर लावून ‘दम नाही’ म्हणणारे बरेच भेटतात. पण नुसता ओम पाहूनही भागत नाही. संवेदनशीलता, म्हणजे 1 मिलिवॉटला किती डेसिबल आवाज निघतो, हा आकडाही तितकाच महत्त्वाचा. सपाट पडद्याचे प्लॅनर हेडफोन कमी ओमचे असूनही भुकेले असतात. हायफायमन कंपनीच्या एचई-6 या प्लॅनर हेडफोनची संवेदनशीलता 83.5 डेसिबलच आहे. उलट कानात घालायचे बहुतेक इयरफोन शंभर डेसिबलच्या पुढे असतात आणि त्यांना फोनचा जॅक पुरून उरतो. त्यांच्यासाठी मोठा ॲम्प घेणे म्हणजे पैसे देऊन खरखर विकत घेणे. आवाज 10 डेसिबलने वाढवायला दहापट शक्ती लागते, हे लक्षात ठेवले की वेष्टनावरच्या ‘दुप्पट पॉवर’चा भाव कळतो: दुप्पट शक्ती म्हणजे फक्त 3 डेसिबल.

दुसरी, कमी बोलली जाणारी बाब म्हणजे ॲम्पचा स्वतःचा निर्गम रोध, म्हणजे बाहेर पडणाऱ्या संकेताला ॲम्पच्या आतच होणारा अडथळा. अनेक ड्रायव्हरांच्या, म्हणजे आवाज काढणारे एकाहून जास्त घटक असलेल्या, इयरफोनचा रोध स्वरागणिक बदलतो. एखाद्या पट्टीत तो 5 ओमवर आला आणि ॲम्पचा रोध 10 ओम असला, तर तिथे दाबाचा तिसरा हिस्साच इयरफोनपर्यंत पोचतो आणि आवाजाचा तोल बिघडतो. ॲम्पचा रोध हेडफोनच्या आठव्या हिस्स्याहून कमी असावा असा ठोकताळा आहे. चांगला छोटा डोंगल 1 ओमच्या आत असतो, जुन्या टेबलावरच्या यंत्रांपेक्षा कितीतरी सरस.

इंदूरच्या मराठी श्रोत्यांची गरज या सर्वसाधारण हिशेबात पुरती बसत नाही. शहरात वाढलेले उस्ताद अमीर खाँ (1912–1974), 1929 साली इथेच जन्मलेल्या लता मंगेशकर, शेजारच्या देवासचे कुमार गंधर्व यांची ध्वनिमुद्रणे ऐकणारी घरे रामबागेत, राजेंद्रनगरात आजही आहेत. त्यातली बरीच मुद्रणे कॅसेटवरून किंवा रेडिओवरून घरच्या घरी उतरवून फोनवर आलेली. त्यांची पातळी खाली असते. आजचे सिनेगीत कमाल मर्यादेला टेकवून भरलेले, तर खाजगी बैठकीचे मुद्रण त्याच्या 15-20 डेसिबल खाली. म्हणजे रोजच्या गाण्यांना पुरेसा वाटणारा फोन झुमरा तालातल्या अतिविलंबित ख्यालाला अपुरा पडतो. अमीर खाँ मंद्रात उतरतात तेव्हा तानपुरा आणि खर्ज यांच्यातली फट ऐकायला आवाज चढवावा लागतो. फोन कमाल पातळीवर जातो आणि डग्ग्याची जोरकस थाप आली की आवाज फाटूही शकतो. ॲम्पचा खरा फायदा अशा जागी कळतो. वर शिल्लक राहिलेली ताकद थाप निभावून नेते आणि तानपुऱ्याची आस शेवटपर्यंत ऐकू येते.

मात्र टेपची सुरसुर, 78 फेऱ्यांच्या तबकडीचा चरचराट, वेगातला हेलकावा यांतले काहीही ॲम्प दूर करत नाही. तो ते सगळे इमानाने मोठे करतो. चांगला ॲम्प घेतल्यावर जुनी गाणी ‘बिघडली’ अशी तक्रार यातूनच येते.

घेण्यापूर्वीची तपासणी सोपी आहे. आपला सर्वांत संवेदनशील इयरफोन लावावा, गाणे थांबवावे, आवाज निम्म्यावर ठेवून शांत जागी ऐकावे. सूं असा आवाज येत असेल तर तो रात्रीच्या ऐकण्यात कायमचा सोबत राहणार. गेनचे, म्हणजे संकेत किती पट वाढवायचा ते ठरवणारे, बटण असल्यास ते आधी लो वर करून पाहावे. दोन उपकरणांची तुलना करताना आवाज समान करणे अत्यावश्यक. अर्ध्या-एका डेसिबलने मोठे वाजणारे यंत्र कानाला मोठे न वाटता ‘मोकळे’ आणि ‘स्पष्ट’ वाटते. दुकानदाराचे निम्मे कसब त्यातच असते. घरी 100 हर्ट्झचा एकच सूर लावून जॅकच्या टोकाशी मल्टीमीटरने व्होल्टेज मोजून दोन्ही जुळवले, की बरेचसे फरक विरघळतात. 4.4 मिलिमीटरचा बॅलन्स्ड जॅक, म्हणजे दोन्ही कानांना तारांची वेगवेगळी जोडी देणारा जॅक, बऱ्याच डोंगलवर जास्त दाब देतो. तोच आकडा जास्त गोड आवाजाचा पुरावा म्हणून सांगितला जातो, म्हणून तिथे ही खबरदारी दुप्पट घ्यावी.

फोनच्या बाजूने येणारे अडथळे वेगळे. काही चिनी अँड्रॉइड फोनांत ओटीजी, म्हणजे खाचेला बाहेरचे उपकरण जोडू देणारी सोय, सेटिंगमधून चालू करावे लागते आणि दहा मिनिटे काही जोडलेले नसले की ते आपोआप बंद होते. डोंगल काढून चहाला उठावे, परत येऊन लावावा, तर कानात सामसूम. डोंगल नादुरुस्त समजून परत करण्याआधी हे पाहावे. ॲपलचा स्वस्त यूएसबी-सी डोंगल आयफोनवर उत्तम, पण बऱ्याच अँड्रॉइडवर त्याचा आवाज दबलेला येतो. अँड्रॉइड सहसा सगळा ध्वनी 48 किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 48 हजार नमुन्यांच्या दराला, बदलून पाठवते, सीडीचा दर 44.1 असला तरी. आवृत्ती 14पासून मूळ दराने पाठवायची सोय आली, ती वापरणारे ॲप मात्र हवे. या फरकावर रात्री जागवणारे आहेत. कॅसेटवरून उतरवलेल्या बैठकीत तो ऐकू येण्याची शक्यता नगण्य. ब्लूटूथ असलेले ॲम्प वायरीचा जाच टाळतात, त्यांना वेगळी चार्जिंग लागते. फोनवर जगणारे डोंगल फोनचीच बॅटरी खातात आणि चांगलेच तापतात.

ॲम्प आल्यावर फोनचे आवाज-मापन भरवशाचे राहत नाही. फोनला पुढे किती वाढ झाली हे कळत नाही, त्यामुळे त्याची धोक्याची सूचना उशिरा येते किंवा येतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला 80 डेसिबलवर 40 तास ही सुरक्षित मर्यादा धरली आहे. 90 डेसिबलवर तीच मर्यादा 4 तासांवर येते. विलंबित ख्याल ऐकण्यासाठी चढवलेला आवाज तसाच ठेवून पुढचे सिनेगीत लागले, तर 15-20 डेसिबलची उडी एका क्षणात कानावर आदळते. म्हणून जुन्या मुद्रणांची यादी वेगळी ठेवणे, किंवा गाण्यांची पातळी सारखी करणारे सेटिंग वापरणे, ॲम्प वापरणाऱ्याला सर्वांत आधी करावे लागते.