चकाकीसाठी तासलेले दोन मायक्रॉन

गाडीवरचा ओरखडा पुसला जात नाही. डिटेलिंगच्या, म्हणजे गाडीची बारकाईने सफाई करून ती चमकवण्याच्या, दुकानात ज्याला ‘पेंट करेक्शन’ म्हणतात, त्यात ओरखड्याच्या आजूबाजूचा थर तासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणतात. बाकी सगळा पृष्ठभाग खाली उतरला की ओरखडा उरतच नाही. कोटभर रुपयांच्या एसयूव्हीवर दोन-तीन दिवस मशीन फिरवणाऱ्या कारागिराची सगळी कला किती कमी तासायचं यात असते. किती चमकवायचं हा प्रश्न त्यानंतरचा.

तासायला आहे तरी किती? कारखान्यात गाडीच्या पत्र्यावर साधारण चार थर चढतात. सर्वांत खाली विजेच्या साहाय्याने बसवलेला गंजरोधक ई-कोट, त्यावर प्रायमर, मग प्रत्यक्ष रंगाचा बेस कोट आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे मिळून १०० ते १४० मायक्रॉनच्या आसपास (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस सरासरी ७० मायक्रॉन जाड धरला, तर अख्खा रंग फार तर दोन केसांइतका जाड. त्यातला क्लिअर कोट ४० ते ५० मायक्रॉनचा, आणि मशीनने हात लावायचा तो फक्त त्याला. या थरात अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्यं मिसळलेली असतात. थर पातळ होत गेला की हे संरक्षणही कमी होत जातं. वारंवार ‘रबिंग-पॉलिश’ करून घेतलेल्या जुन्या गाड्यांच्या टपावर आणि बॉनेटवर पांढरट पापुद्रे सुटलेले दिसतात, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

उन्हात उभ्या काळ्या गाडीवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळं दिसतात. डिटेलिंगवाले त्यांना ‘स्वर्ल मार्क्स’ म्हणतात. गंमत अशी की ते चरे गोल नसतात. गाडी सरळ, आडवी, तिरकी कशीही पुसली तरी वर्तुळंच दिसतात. बारीक चरा आपल्या लांबीशी काटकोनात प्रकाश फेकतो, त्यामुळे हजारो चऱ्यांपैकी ठरावीक दिशेचेच चरे आपल्या डोळ्यांपर्यंत प्रकाश पोहोचवतात, आणि तेवढेच जोडून दिव्याभोवती वर्तुळ भासतं. दिवा सरकवा, वर्तुळंही त्याच्या मागे सरकतात. घासून घासून जुन्या झालेल्या स्टीलच्या ताटावर बल्बखाली हेच दिसतं. म्हणून तपासणीला एकच प्रखर एलईडी दिवा वापरतात. सगळीकडून सारखा, मऊ उजेड पडला की चरे लपतात. शोरूमच्या छतावर पसरलेले दिवे गाडीवर जरा जास्तच मेहेरबान असतात.

पांढऱ्या गाडीवरही चरे तेवढेच असतात, पण काळीवरचे नजरेत भरतात. क्लिअर कोटचा अपवर्तनांक, म्हणजे आत शिरणारा प्रकाश किती वाकतो याचं माप, साधारण १.५ असल्यामुळे समोरून पडलेल्या प्रकाशातला जेमतेम ४ टक्के त्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होतो. उरलेला आत जातो आणि काळा रंग तो गिळून टाकतो. म्हणजे काळ्या गाडीवर आपण जवळजवळ फक्त तो ४ टक्के पाहत असतो, आणि चऱ्याने भलत्या दिशेला फेकलेला उजेड त्यात लगेच उठून दिसतो. पांढरा रंग आत आलेला बहुतेक प्रकाश सर्व दिशांना परत पाठवतो. त्या गर्दीत चऱ्याचा उजेड कुठल्या कुठे हरवतो.

हे चरे बहुतेक धुताना-पुसतानाच पडतात. सोसायटीत सकाळी एक बादली पाणी आणि एक फडकं यांवर ओळीने गाड्या पुसल्या जातात. पहिल्या गाडीची धूळ फडक्यात बसते आणि पुढच्या गाडीवर फिरते. धुळीतल्या क्वार्ट्झच्या कणांचा कठीणपणा मोह्सच्या १ ते १० च्या मोजपट्टीवर ७, आपल्याकडच्या काळ्या पाषाणातल्या फेल्डस्पारचाही ६. समोर क्लिअर कोट, म्हणजे शेवटी प्लास्टिकच. पुसणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. तेवढ्या पाण्यात दुसरं काही होऊच शकत नाही.

बाकी नुकसान रसायनांचं. बोअरच्या पाण्याचा थेंब उन्हात वाळला की पाण्यातलं कॅल्शियम कार्बोनेट गोल डाग होऊन बसतं. ते सौम्य आम्लाने विरघळतं, पण त्यासोबत सिलिका असेल तर ती आम्लाला दाद देत नाही, तासावीच लागते. पक्ष्यांच्या विष्ठेत युरिक आम्ल असतं, आणि तापून किंचित मऊ झालेल्या क्लिअर कोटवर ती वाळली की तिच्या आकाराचा ठसा उमटून राहतो. मोहराच्या दिवसांत आंब्याखाली गाडी लावणाऱ्यांना काचेवरचे चिकट थेंब ओळखीचे असतील. तो झाडाचा चीक नसतो. मोहरातला रस शोषणारे तुडतुडे तो गोड स्राव सोडतात, आणि त्यावर धूळ अशी बसते की कोरड्या फडक्याने पुसणं म्हणजे सँडपेपरच फिरवणं.

त्यामुळे मशीनला हात लावण्याआधी नुसत्या सफाईलाच कितीतरी तास जातात. दाट फेस मारून धूळ सैल करायची, मग स्वच्छ पाण्याची वेगळी बादली ठेवून धुवायचं. ब्रेक डिस्क झिजून उडालेले तापलेले लोखंडाचे कण रंगात रुतून बसलेले असतात. त्यांच्यासाठी थायोग्लायकोलेट असलेला द्रव फवारतात. तो लोखंडाशी संयोग पावला की गाडीवरून जांभळे ओघळ वाहू लागतात. पांढऱ्या गाडीवर हे पाहताना मालकाचा जीव खालीवर होतो, पण जांभळा झालाय तो द्रव, रंग नव्हे. तरीही चिकटून राहिलेलं क्ले बार ओढून काढतो. बारीक अपघर्षक, म्हणजे घासणारे कण, मिसळलेल्या या मातीसारख्या मऊ वडीसाठी जपानच्या तादाओ कोदाते यांना १९९० च्या दशकात अमेरिकेत पेटंट मिळालं.

मग येतो मीटर, आणि माझ्या मते दुकानाची परीक्षा इथेच होते. पोलादी पत्र्यावर रंगाची जाडी चुंबकीय प्रवर्तनाने मोजता येते. पण २०१२ साली आलेल्या चौथ्या पिढीच्या रेंज रोव्हरचा सांगाडा ॲल्युमिनियमचा होता, आणि ॲल्युमिनियमवर तो मीटर काही सांगत नाही. तिथे एडी करंटवर चालणारा लागतो: मीटर धातूत छोटे विद्युतप्रवाह निर्माण करतो आणि त्यांच्या प्रतिसादावरून अंतर काढतो. प्लास्टिकच्या बंपरवर दोन्ही निकामी, तिथे अल्ट्रासाउंडचा महागडा मीटर हवा. टाटांच्या मालकीच्या जेएलआरने (जग्वार लँड रोव्हर) २०२४ मध्ये रेंज रोव्हर पुण्यात बनवायची घोषणा केली तेव्हा बातम्या किंमत किती उतरली याच्या आल्या. डिटेलिंगवाल्याला त्याआधी कुठला भाग कशाचा आहे हे माहीत हवं. एखाद्या दारावर १२० ऐवजी २५० मायक्रॉनचा आकडा आला, तर ते दार बाहेर कुठेतरी पुन्हा रंगवलेलं असण्याची दाट शक्यता. जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी यापेक्षा स्वस्त तपासणी नाही.

साधा मीटर चारही थरांची एकत्र जाडी सांगतो, एकट्या क्लिअर कोटची नाही. म्हणून पॉलिश सुरू करण्याआधी एका कोपऱ्यात हातभर चौकोन आखून चाचणी घेतात. सर्वांत मऊ पॅड आणि सर्वांत सौम्य पॉलिशने सुरुवात, काम झालं नाही तरच पुढची पायरी. पॉलिशमधला मुख्य ऐवज म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण, मोह्सवर ९. तेही ओरखडेच पाडतात! फरक एवढाच की शेवटच्या फेरीतले ओरखडे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा, म्हणजे ०.४ ते ०.७ मायक्रॉनपेक्षा, लहान असतात. इतक्या लहान चऱ्यावरून प्रकाश फारसा विखुरत नाही. डोळ्याला तो पृष्ठभाग आरसा वाटतो.

एकाच अक्षावर फिरणारं रोटरी मशीन झपाट्याने तासतं, पण चुकीच्या हातात एकाच जागी उष्णता साठवतं आणि उन्हात दिसणारे लाटांसारखे पट्टे मागे ठेवतं. ड्युअल ॲक्शन मशीनचा पॅड स्वतःभोवती फिरताना १५ किंवा २१ मिलिमीटरच्या छोट्या वर्तुळातही हलतो. त्यामुळे उष्णता पसरते आणि जास्त दाबलं तर पॅड फिरायचाच थांबतो. दाराच्या आणि बॉनेटच्या कडांवर थर पातळ असतो आणि मशीनचा दाब तिथेच एकवटतो, म्हणून कडांना आधी टेप लावतात. सौम्य फेरीत एक-दोन मायक्रॉन जातात, जोरदार कटिंगमध्ये त्याच्या कितीतरी पट. नख अडकण्याइतका खोल चरा पूर्ण काढायच्या मागे शहाणा कारागीर लागत नाही. तो चऱ्याच्या धारदार कडा तेवढ्या गोलसर करतो. प्रकाश मुख्यतः कडांवरून विखुरतो, त्यामुळे चरा तिथेच राहूनही नजरेला कमी येतो.

फसवणुकीला जागाही इथेच. काही पॉलिशांमधलं तेल आणि मेण चऱ्यांत भरून बसतं. गाडी देताना ती लखलखते आणि तीन-चार वेळा धुतली की वर्तुळं परत हजर. आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून पुसलं की तेल निघून जातं आणि खरं काम किती झालं ते उघडं पडतं. गाडी ताब्यात घेण्याआधी हे समोर करून मागावं, आधीचे-नंतरचे मीटरचे आकडेही.

त्यानंतर बहुतेक जण सिरॅमिक कोटिंग विकायला काढतात, ‘९एच कठीण’ असं सांगून. हे ९ मोह्सचे नव्हेत, पेन्सिलीचे आहेत. रंगाच्या चाचणीत वेगवेगळ्या कठीणपणाच्या पेन्सिली ४५ अंशांत धरून पृष्ठभागावर ढकलतात. ९एच ही त्यातली सर्वांत कठीण पेन्सिल. पेन्सिलीला दाद न देणारा थर वाळूला दाद देणार नाही, असं त्यातून निघत नाही. हा थर असतोही साधारण मायक्रॉनभर. त्याने पाणी थेंबाथेंबाने घरंगळतं, घाण सहज सुटते आणि फडकं कमी फिरवावं लागतं. त्याचा खरा फायदा तो, आणि तोही लहान नाही.

चरा प्रत्यक्ष झेलायचा असेल तर जाडीच लागते. निस्सानने २००५ मध्ये बारीक चरे आपोआप भरून येणारा लवचिक क्लिअर कोट जाहीर केला होता. आज दुकानात मिळणारी पीपीएफ म्हणजे पॉलियुरेथेनची १५० ते २०० मायक्रॉनची फिल्म. क्लिअर कोटच्या तीन-चार पट जाड, बारीक चरे उन्हाच्या उष्णतेने भरून काढणारी आणि खराब झाली तर सोलून बदलता येणारी. मात्र ती पारदर्शक आहे. खालचे चरे न काढता चिकटवली, तर ती निघेपर्यंत तेच चरे काचेतून पाहावेत तसे दिसत राहतात, म्हणून फिल्मच्या खर्चात करेक्शनचा खर्च आधीच धरावा लागतो.