वेळास : गावाने राखलेली कासवांची पुळण

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील समुद्राकाठचे छोटे गाव. सावित्री नदीच्या मुखाशी बाणकोट किल्ला आहे. तो मागे टाकून दक्षिणेकडे वळले की वेळास लागते. खाडीपलीकडे हरिहरेश्वर. नाना फडणविसांचे मूळ गाव म्हणून इतिहासात रस असणाऱ्यांना ते ठाऊक होतेच, पण गेल्या वीसेक वर्षांत त्याला ‘कासवांचे गाव’ हीच ओळख चिकटली आहे. वेळासची पुळण हे अभयारण्य नव्हे. समुद्री कासवाला कायद्याचे संरक्षण आहे, मात्र रात्री-पहाटे पुळणीवर फिरून घरटी राखण्याचे काम येथे गावकऱ्यांनी अंगावर घेतले.

येथे अंडी घालायला येते ते ऑलिव्ह रिडले जातीचे कासव (लेपिडोकेलिस ऑलिव्हेसिया). वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत त्याचा समावेश आहे. ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्या येथे या कासवांच्या हजारो माद्या एकाच वेळी किनाऱ्यावर चढतात. कोकणात तसे घडत नाही. नोव्हेंबर ते मार्च या काळात एखाद्या रात्री एखादी मादी येते, मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा खणते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून पोटाने दाबून बसवते आणि परतते. मागे उरतो तो वाळूवरचा माग.

हाच माग पूर्वी अंडी काढणाऱ्यांच्या उपयोगी पडे. कोकण किनाऱ्यावर कासवाची अंडी खाल्लीही जात आणि विकलीही जात. माणसांकडून सुटलेल्या घरट्यांवर कोल्हे आणि कुत्री ताव मारीत. देवळाच्या सभामंडपातील दगडी कासवाला हात जोडून पुढे जाणाऱ्या समाजात हे चालत असे, आणि त्यात कोणाला विसंगती जाणवत नसे. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे कार्यकर्ते समुद्रगरुडाच्या घरट्यांची पाहणी करीत असताना त्यांना वेळासच्या पुळणीवर कासवाच्या अंड्यांची टरफले आढळली. संस्थेचे भाऊ काटदरे यांनी त्यातून संरक्षणाचे काम उभे केले. त्यातील शहाणपणाचा भाग असा, की अंडी कुठे सापडतात हे ज्यांना नेमके ठाऊक होते अशा स्थानिक माणसांनाच सोबत घेण्यात आले. कासवाचा माग वाचणे हे पुस्तकातून येणारे कौशल्य नव्हे. मादी कधी कधी वर येऊन, अंडी न घालताच परत फिरते. खरे घरटे आणि असा पोकळ माग यांतला फरक जाणकाराला वाळूच्या भुसभुशीतपणावरून कळतो. या राखणदारांना ‘कासवमित्र’ म्हणतात.

घरटे सापडले की अंडी शक्य तितक्या लवकर हलवावी लागतात. अंडी घातल्यानंतर काही तासांत आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो; त्यानंतर अंडे फिरले तर तो मरतो. म्हणून प्रत्येक अंडे आहे त्याच बाजूने उचलून बादलीत ठेवतात आणि वर वाळू पसरतात. भरतीच्या रेषेपासून दूर, कुंपण घातलेल्या जागेत हाताने तेवढाच खोल आणि तसाच गळ्याशी अरुंद खड्डा करून ती पुन्हा पुरतात. अशा जागेला सगळे हॅचरी म्हणतात. घरट्यापाशी तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी लागते. पिल्ले बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरते: वाळू जितकी तापलेली तितक्या माद्या अधिक. त्यामुळे हॅचरी कुठे करायची आणि तिच्यावर सावली किती ठेवायची, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

पिल्ले निघण्याच्या दिवसांत घरट्यांवर टोपल्या पालथ्या घालतात. सकाळी आणि संध्याकाळी त्या उचलून पाहतात. कधी टोपलीखाली बोटभर लांबीच्या, करड्या-काळ्या पिल्लांची दाटी असते. कधी नुसती वाळू. पिल्ले पाण्यात नेऊन टाकायची नाहीत, ओल्या वाळूच्या अलीकडे सोडायची आणि आपल्या पायांनी जाऊ द्यायची, असा दंडक आहे. पाहणारे दोरीमागे उभे राहतात.

हे पाहायला लोक येऊ लागले आणि २००६ पासून त्याला कासव महोत्सवाचे रूप आले. गावात हॉटेले नव्हती, त्यामुळे पाहुण्यांची सोय घराघरांत झाली: झोपायला पडवी किंवा माजघर, जेवायला घरचा वरण-भात आणि बेत जमला तर उकडीचे मोदक. कर्ती माणसे मुंबई-पुण्याला असलेल्या कोकणी गावात फेब्रुवारी ते एप्रिलमधली ही मिळकत लहान नव्हे, आणि ती बरीचशी घरातल्या बायकांच्या कष्टांवर उभी आहे. महोत्सवाच्या कौतुकात या शेवटच्या गोष्टीचा उल्लेख फारसा होत नाही. अंडी विकण्यापेक्षा जिवंत पिल्लू दाखवण्यात फायदा आहे, हे गणित गावाला भाषणांपेक्षा लवकर पटले असावे. आंजर्ल्यासह इतर गावांतही पुढे असे काम सुरू झाले. आता वनविभाग आणि त्याचा कांदळवन कक्षही त्यात आहे.

या पद्धतीला मर्यादा आहेत. घरटे जागच्या जागी राखता येत असेल तर अंडी हलवू नयेत, असे अनेक अभ्यासक मानतात. सुट्टीच्या दिवशी पुळणीवर उसळणारी गर्दी आणि मोबाइलचे दिवे हा उपद्रवच आहे, कारण पिल्ले उजेडाच्या दिशेने चालतात. शिवाय सोडलेल्या पिल्लांचा आकडा म्हणजे वाढलेल्या कासवांचा आकडा नव्हे. हजारातून एखादेच प्रौढ होते असा ढोबळ अंदाज सांगितला जातो. मोठी कासवे जाळ्यांत अडकून गुदमरतात, त्यावर पुळणीवरच्या राखणीचा उपाय चालत नाही. त्यासाठी महाराष्ट्रात २०१८ च्या अखेरीस वेगळी योजना आली: जाळे कापून संरक्षित समुद्री जीव सोडून देणाऱ्या मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई.

वेळासच्या पुळणीवरून परतणारी मादी पुढे कुठे जाते, याचा शोध उशिरा सुरू झाला. जानेवारी २०२२ मध्ये येथे एका मादीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवून तिला ‘प्रथमा’ नाव देण्यात आले. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली ‘बागेश्री’ दक्षिणेचे टोक ओलांडून श्रीलंकेकडे गेली. उलट दिशेचा पुरावा २०२५ च्या जानेवारीत मिळाला: गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायावर २०२१ मध्ये ओडिशात लावलेली धातूची पट्टी होती.