घाम गाळून उतरवलेले वजन: एक खुलासा

कुस्तीआधी होणाऱ्या वजन-तपासणीच्या आदल्या दिवशी जाड कपडे घालून धावायचे, पाणी तोडायचे आणि काट्यावरून उतरताच खाऊन-पिऊन ताकद भरून काढायची, म्हणजे कमी वजनाच्या गटात लढत सोपी जाते, हा समज कुस्तीत पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. प्रत्यक्षात एका रात्रीत उतरते ते बहुतांश पाणी असते, चरबी नव्हे. रक्तातील द्रव घटल्याने हृदयाचे ठोके वाढतात, शरीरातील उष्णता नीट बाहेर पडत नाही; आणि तहान भागली तरी स्नायूंतील ऊर्जेचा साठा पूर्ववत व्हायला अनेकदा एक दिवसही पुरत नाही, लढत मात्र काही तासांवर असते.

१९९७ च्या अखेरीस अमेरिकेत तीन महाविद्यालयीन मल्ल अशा प्रकारे वजन उतरवताना दगावले आणि मगच तेथील महाविद्यालयीन कुस्तीत घाम काढण्यासाठी घालायच्या रबरी पोशाखांवर बंदी आली. तेथील शालेय कुस्तीत आता आधी लघवी तपासून शरीरात पुरेसे पाणी असल्याची खात्री करतात, नंतर चरबी मोजून मुलांसाठी ७ व मुलींसाठी १२ टक्के ही किमान मर्यादा धरतात आणि आठवड्याला शरीराच्या वजनात दीड टक्क्याहून अधिक घट मान्य करत नाहीत. वाढत्या वयात एवढीही घट, माझ्या मते, क्वचितच गरजेची असते. उंचीबरोबर वजन वाढत असलेल्या मुलाने सरळ वरच्या गटात उतरावे.