जीआयपी आणि जीएलपी-१: हाड कोणाचं ऐकतं?

सकाळी सातला नौपाड्यातल्या आमच्या लॅबचं शटर वर गेलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "उपाशीपोटी आलात ना?" उत्तरही ठरलेलं, "हो, फक्त चहा घेतलाय." ठाण्यात चहा कुणी खाण्यापिण्यात धरतच नाही.

मागच्या पावसाळ्यात सव्विशीतली एक मुलगी अशीच आली. वर्षा मॅरेथॉनसाठी उपवन ते येऊर पळून पळून तिच्या नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला होता. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या तपासण्यांत ड जीवनसत्त्व होतं, कॅल्शियम होतं आणि सीटीएक्स होती. जुनं हाड पोखरलं जाताना त्यातल्या कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे बारीक तुकडे रक्तात येतात, ते मोजायची ही तपासणी. बाई स्टेशनाबाहेर दोन कटिंग मारून आल्या होत्या. मी म्हटलं, उद्या या.

"ताई, शुगरच्या तपासणीला उपाशी राहायचं हे कळतं. हाडाचा आणि चहाचा काय संबंध?" आणि पाठोपाठ, "साखर खाल्ली की आतड्यातून हार्मोन सुटतं आणि हाडांची झीज थांबते, असं वाचलंय मी. तेच ना, वजन उतरवायच्या इंजेक्शनातलं?"

अर्धं बरोबर होतं. पण जीआयपी आणि जीएलपी-१ या दोन हार्मोन्सची तिनं एकच मोट बांधली होती, आणि ही गफलत मी शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकते.

दोघांचं घराणं एकच. तोंडानं घेतलेल्या ग्लुकोजमुळे शिरेतून दिलेल्या ग्लुकोजपेक्षा जास्त इन्सुलिन सुटतं, हे १९६४ मध्ये प्रयोगांनी दाखवलं गेलं. म्हणजे साखर रक्तात पोचायच्या आधीच आतडं स्वादुपिंडाला निरोप धाडतं. हे निरोपे म्हणजे इन्क्रेटिन, आणि त्यातले मुख्य दोन: जीआयपी आणि जीएलपी-१. जीआयपीच्या नावाचीही गंमत आहे. आधी त्याला गॅस्ट्रिक इन्हिबिटरी पॉलिपेप्टाइड म्हणत, कारण ते जठराचं काम मंदावतं असं वाटलं होतं. खरं काम इन्सुलिनशी निगडित आहे हे कळल्यावर आद्याक्षरं तीच ठेवून नाव बदललं, ग्लुकोज-डिपेंडंट इन्सुलिनोट्रॉपिक पॉलिपेप्टाइड. पाटी जुनीच, दुकान नवं.

फरक सुरू होतो पत्त्यापासून. ठाण्याहून वाशीला जाणारी ट्रान्स-हार्बर लोकल डोळ्यांपुढे आणा. लहान आतडं म्हणजे तो मार्ग. जीआयपी सोडणाऱ्या के पेशी ठाणे, दिघा, ऐरोलीच्या बाजूला, म्हणजे जठर संपल्या संपल्या. जीएलपी-१ सोडणाऱ्या एल पेशींची गर्दी तुर्भे-सानपाड्यापासून वाशीपर्यंत आणि त्यापुढे मोठ्या आतड्यातही. काही तुरळक एल पेशी वरच्या स्टेशनांवरही असतात, म्हणून जेवण शेवटपर्यंत पोचायची वाट न बघता जीएलपी-१ वाढू लागतं. दोघांचं आयुष्य क्षणभंगुर. डीपीपी-४ नावाचं एन्झाइम त्यांना काही मिनिटांत निकामी करतं. मधुमेहाच्या ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी 'ग्लिप्टिन' असतं, त्या याच एन्झाइमला अडवतात.

कामातही दोघं वेगळे. जीएलपी-१ भूक मारतं, जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतं, रक्तातली साखर वाढवणाऱ्या ग्लुकॅगॉन या हार्मोनला आवर घालतं. जीआयपी भुकेच्या फारसं वाटेला जात नाही. ते चरबी साठवायला मदत करतं. आणि आपल्या मुद्द्याचं म्हणजे, त्याचे रिसेप्टर, म्हणजे त्याचा निरोप झेलणारे रेणू, हाडांच्या पेशींवर आहेत, हाड पोखरणाऱ्यांवर आणि हाड भरणाऱ्यांवरही.

हाड म्हणजे काही एकदा बांधून सोडून दिलेली इमारत नव्हे, त्याची डागडुजी अखंड चालू असते. रात्री पोट रिकामं असतं तेव्हा पोखरण्याचा जोर जास्त, आणि सीटीएक्स पहाटेच्या सुमाराला सर्वांत वर असतं. जेवलात की ते घसरतं. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायला दिलं तर दोन तासांत जवळपास निम्म्यावर येतं. रक्तातली साखर तेवढीच चढेल इतकं ग्लुकोज शिरेतून दिलं तर घसरण बरीच कमी, म्हणजे निरोप आतड्यातूनच जातो. माणसांना जीआयपी थेट शिरेतून देऊन पाहिलं तेव्हा सीटीएक्स उतरलं. त्याचा रिसेप्टर औषधानं अडवला तेव्हा ग्लुकोजनंतरची घसरण कमी झाली, पण पूर्ण थांबली नाही. तेव्हा जीआयपी एकटं नाही, पण त्याचा वाटा नक्की आहे.

जीएलपी-१ चं काय? उंदरांमध्ये ते थायरॉइडमधलं कॅल्सिटोनिन, म्हणजे हाडाची झीज रोखणारं हार्मोन, वाढवून आडवाटेनं हाडांपर्यंत पोचतं. माणसात सीटीएक्सवर त्याचा परिणाम झाला तरी जीआयपीपेक्षा किरकोळ. गोंधळात भर घालायला जीएलपी-२ नावाचं भावंडही आहे, त्याच एल पेशींतून जीएलपी-१ च्या जोडीनं सुटणारं. ते इंजेक्शननं दिलं तर सीटीएक्स उतरतं. नावात एका आकड्याचा फरक, वागण्यात केवढा!

म्हणून तिचे दोन कटिंग मला नडत होते. दूध-साखरेच्या चहानं के पेशी जाग्या झाल्या असत्या, आकडा खोटा कमी आला असता आणि डॉक्टरांना वाटलं असतं, झीज तर काहीच नाही.

आता साखर. "मग साखर हाडाला चांगलीच ना?" हा तिचा प्रश्न भाबडा नव्हता. पण दोन तासांची घसरण आणि दहा वर्षांचं हाड या वेगळ्या गोष्टी आहेत. पोखरणं थोडा वेळ थांबलं म्हणून नवं हाड बांधलं गेलं, असं होत नाही. शिवाय तो निरोप पाठवायला साखरच हवी असंही नाही. वरण-भातातल्या पिष्टाचंही शेवटी ग्लुकोजच होतं, आणि त्यावरच्या तुपानंही जीआयपी सुटतं. उलट आपली नेहमीची साखर यात अर्धी कुचकामी. तिचा अर्धा भाग ग्लुकोज, अर्धा फ्रुक्टोज, आणि फ्रुक्टोजनं माणसात जीआयपी फारसं हलत नाही.

तोट्याची बाजू मात्र ठोस आहे. साखरेचा मोठा डोस पोटात गेला की लघवीतून जास्त कॅल्शियम बाहेर पडतं, हे १९७० च्या सुमारापासून माहीत आहे. एकदा-दोनदा झालं तर काही बिघडत नाही. ऐरोलीच्या आयटी पार्कात रात्रपाळीला रोज दोन कोला आणि दुधाला कायमची रजा, असं चाललं की हिशेब वेगळा. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम अभ्यासात २००६ मध्ये नियमित कोला पिणाऱ्या स्त्रियांच्या खुब्याच्या हाडाची घनता कमी आढळली, इतर शीतपेयांत तसं दिसलं नाही. त्यामुळे सगळा दोष साखरेवर ढकलता येत नाही. पण ३०० मिलिलिटर कोलात साधारण ३० ग्रॅम साखर असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा आहे ५० ग्रॅमच्या आसपास, जमलं तर २५.

सर्वांत चकवणारी गोष्ट टाइप २ मधुमेहात दिसते. अशा रुग्णांचा डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, बऱ्याचदा ठीक, कधी तर सरासरीपेक्षा सरस, तरी हाडं मोडण्याचा धोका जास्त. वर्षानुवर्षं वाढलेली साखर कोलॅजनच्या धाग्यांना चिकटते आणि त्यांची लवचीकता जाते. सळई जाड, पण गंजलेली.

इंजेक्शनांचं सांगायचं तर ओझेम्पिक, वेगोव्ही म्हणजे सेमाग्लूटाइड, नुसत्या जीएलपी-१ ची नक्कल. मार्च २०२५ मध्ये भारतात आलेलं मौन्जारो म्हणजे टिर्झेपाटाइड, ते दोन्ही रिसेप्टरांना हात घालतं. त्यात जीआयपी आहे म्हणून हाडं आपोआप सांभाळली जातील, असं धरून चालू नका. वजन भराभर उतरलं की हाडावरचा भारही उतरतो आणि हाड विरळ होतं. याच कुळातल्या लिराग्लूटाइडच्या एका चाचणीत नुसतं औषध घेणाऱ्यांच्या खुब्याची आणि कण्याची घनता घटली, औषधाबरोबर व्यायाम करणाऱ्यांची टिकून राहिली. विशीत तर ही उधळपट्टी परवडतच नाही, कारण हाडांची कमाल जमा तिशीच्या आतच होते.

दुसऱ्या दिवशी ती साडेसातला आली, लंगडत, पोट रिकामं. सीटीएक्ससाठीची जांभळ्या झाकणाची नळी भरली, कोपरावर कापूस दाबून धरला आणि बाकड्यावर बसून तिनं डबा उघडला. दोन उकडलेली अंडी आणि थालीपीठ. "आता चहा चालेल ना, ताई?"

"आता काहीही चालेल. साखर एकच चमचा घाल."

"कटिंगमध्ये तो घालतो, मी नाही," ती म्हणाली. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.