एपीआय स्पेक तपासणाऱ्या एजंटसाठी टूल डिस्क्रिप्शन

टूल डिस्क्रिप्शन म्हणजे एखादं टूल काय करतं, कधी वापरायचं आणि त्यातून काय हाती लागतं हे एआय एजंटला (म्हणजे टूल्स वापरून स्वतःहून काम करणाऱ्या एआय मॉडेलला) सांगणारा चार-पाच ओळींचा मजकूर. एजंटला टूलच्या आतला कोड दिसत नाही, त्याच्यासमोर येतं ते टूलचं नाव, हा मजकूर आणि इनपुटचा जेसॉन स्कीमा (इनपुटमध्ये काय काय आणि कुठल्या प्रकारचं हवं याचा साचा), बास, आणि एवढ्यावरच त्याने ठरवायचं की हे टूल उचलायचं की शेजारचं. ओपनएआयने जून 2023 मध्ये फंक्शन कॉलिंग (मॉडेलला बाहेरची टूल्स वापरू देणारी सोय) आणलं त्यात हेच तिघं होते, अँथ्रॉपिकने नोव्हेंबर 2024 मध्ये जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये म्हणजे एमसीपीतही (मॉडेलला टूल्स जोडायची ठरलेली पद्धत) साधारण तेच आहेत.

एपीआय स्पेक तपासणाऱ्या टूल्सची गोष्ट जरा वेगळी, कारण तिथे सगळा घोळ ‘व्हॅलिड’ या एका शब्दाचा असतो. स्पेक म्हणजे एपीआयला (दोन प्रोग्राम एकमेकांशी ज्यातून बोलतात त्याला) काय पाठवायचं आणि तो काय उत्तर देतो याचं वर्णन, बहुतेक वेळा ओपनएपीआय या प्रमाणाप्रमाणे केलेली फाइल, यॅमल नाहीतर जेसॉन या मजकुराच्या फॉरमॅटमध्ये लिहिलेली (जुनी मंडळी अजून तिला स्वॅगरच म्हणतात, 2015 च्या शेवटी ते लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली गेलं आणि मग नाव बदललं). ही फाइल यॅमल म्हणून नीट वाचता येते का ही एक तपासणी, ओपनएपीआयच्या नियमांत बसते का ही दुसरी, टीमच्या स्टाइलप्रमाणे आहे का ही तिसरी, जी स्पेक्ट्रलसारखा लिंटर (लिहिण्याच्या पद्धतीतल्या चुका दाखवणारं टूल) करतो, आणि सर्व्हर खरंच तसं उत्तर देतो का ही चौथी, जी नुसती फाइल बघून कळणारच नाही. बोलताना या चारही गोष्टींना आपण व्हॅलिडेशनच म्हणतो. माणसाला संदर्भावरून कळतं कुठलं म्हणायचंय, एजंट मात्र जे लिहिलंय तेच धरून चालतो.

एक साधं उदाहरण घ्या. स्पेकमध्ये पिनकोडचा टाइप स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) दिलाय आणि खाली नमुना म्हणून 411001 लिहिलंय, अवतरणचिन्हं न घालता. यॅमलच्या लेखी तो आकडा झाला, म्हणजे नमुना आणि टाइप जुळत नाहीत. फक्त फाइलची रचना बघणारं टूल हे बिनधास्त पास करतं, नमुने स्कीम्याशी ताडून बघणारं टूल पकडतं. आता डिस्क्रिप्शनमध्ये नुसतं ‘एपीआय स्पेक व्हॅलिडेट करतं’ एवढंच असेल तर एजंट पहिलं टूल चालवणार, काही एरर आली नाही म्हणणार आणि वर तुम्हाला ठामपणे सांगणार की नमुनेसुद्धा बरोबर आहेत. यात त्याची तरी काय चूक!

त्यापेक्षा असं लिहावं: ‘ओपनएपीआय 3.0 आणि 3.1 ची फाइल त्या त्या आवृत्तीच्या रचनेच्या नियमांत बसते का ते तपासतं. नमुने स्कीम्याशी जुळतात का ते बघत नाही, सर्व्हरला कॉल करत नाही, फाइलमध्ये बदल करत नाही. स्टाइल तपासायची असेल तर लिंटचं टूल वापरा.’ यातली सगळ्यात कामाची वाक्यं नकाराची आहेत, आणि नेमकी तीच लिहायची राहतात, कारण टूल बनवणाऱ्याला आपलं टूल काय करत नाही हे इतकं पाठ असतं की ते लिहावंसं वाटतच नाही.

आवृत्ती लिहिण्याचा आग्रह उगाच नाही. 3.0 मध्ये एखादी किंमत नल (म्हणजे रिकामी) चालणार असेल तर नलेबल ट्रू लिहायचे, फेब्रुवारी 2021 मध्ये आलेल्या 3.1 ने जेसॉन स्कीमाशी जुळवून घेतलं आणि तो शब्द गेला, आता टाइपच्या यादीतच नल टाकायचं. जुना शब्द 3.1 च्या फाइलमध्ये राहिला तरी बरेच व्हॅलिडेटर गप्प बसतात, अनोळखी शब्द म्हणून सोडून देतात, आणि अर्थ मात्र बदललेला असतो.

आउटपुटबद्दलही लिहावं लागतं. स्पेक्ट्रलमध्ये एरर, वॉर्निंग, इन्फो आणि हिंट अशा चार पातळ्या आहेत. वॉर्निंग म्हणजे नापास नव्हे हे सांगितलं नाही तर एजंट सगळ्या ओळी पुसून टाकायच्या मागे लागतो. मी स्वतः बघितलंय, स्पेकमध्ये संपर्काची माहिती नाही अशी वॉर्निंग आली आणि त्याने एक खोटा ईमेल पत्ता बनवून टाकला, वॉर्निंग गेली, सगळं हिरवं. तेव्हापासून आमच्या डिस्क्रिप्शनमध्ये एक ओळ कायमची आहे, फाइलमध्ये नसलेली माहिती स्वतःच्या मनाने भरू नये.

इनपुटचे बारकावे, म्हणजे फाइलचा पाथ द्यायचा की अख्खा मजकूर, दुसऱ्या फाइलींकडे जाणारे रेफ म्हणजे दुवे टूल स्वतः उघडतं का, हे त्या त्या पॅरामीटरच्या वर्णनात टाकलेलं बरं. मुख्य मजकूर फुगवून उपयोग नाही, तो बहुधा प्रत्येक वेळी मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये (एका वेळी त्याच्यासमोर असणाऱ्या मजकुरात) जागा खातो. नावाचंही तसंच, ‘चेक एपीआय’ नाव दिलं की चालू सर्व्हर तपासणारं टूल वाटतं.

एमसीपीत टूल फक्त वाचतं की काही बदलतं हे सांगायला वेगळ्या खुणा आहेत, पण त्या नुसत्या सूचना, हमी नाही. आणि स्पेकच्या आतही डिस्क्रिप्शनची फील्ड्स असतात, त्यात कुणी एजंटसाठी आदेश लिहून ठेवला तर तो टूलच्या आउटपुटमधून सरळ मॉडेलपर्यंत पोचू शकतो, तेव्हा फाइलमधला मजकूर हा डेटा आहे, आदेश नाही, हेही लिहून ठेवतात. त्याने धोका पूर्ण जात नाही.

मजकूर बदलला की मुद्दाम बिघडवलेल्या चार-पाच फाइली एजंटला देऊन बघायच्या, तो कुठलं टूल उचलतो आणि निकाल कुठल्या शब्दांत सांगतो. ‘फाइल नियमांत बसते’ म्हणायच्या जागी ‘एपीआय नीट चालतोय’ म्हणाला की डिस्क्रिप्शन परत लिहायला घ्यायचं.