ओरखड्याच्या तळापर्यंत

बेळगावात शहापूरला माझ्या बहिणीच्या घरी पुढच्या खोलीत ॲक्रिलिकची चार फुटी फिश टँक आहे. श्रावणात भाचा आतून शेवाळ घासत होता. स्पंजाखाली तळातल्या वाळूचा एक कण अडकला आणि समोरच्या बाजूवर वीतभर लांब रेघ उठली. टाकी भरलेली होती तोवर ती कुणाच्या फारशी लक्षात आली नाही. पाणी उपसलं, आतून कोरडं पुसलं, आणि रेघ खडूने ओढल्यासारखी पांढरीशुभ्र दिसायला लागली. पोराचा चेहरा पडला. त्याला वाटलं, पुसताना आपणच ती आणखी खोल केली.

तसं काही झालं नव्हतं. ओरखडा तेवढाच होता, बदललं होतं ते त्याच्यात भरलेलं माध्यम. अपवर्तनांक म्हणजे प्रकाश त्या माध्यमात शिरताना किती वळतो याचं माप. ॲक्रिलिकचा सुमारे 1.49, पाण्याचा 1.33, हवेचा 1.00. दोन माध्यमांच्या अपवर्तनांकांत जितकं अंतर जास्त, तितका सीमेवरून प्रकाश जास्त परततो आणि जास्त वळतो. हवा आणि ॲक्रिलिकच्या सीमेवर समोरून आलेल्या प्रकाशातला सुमारे 4 टक्के भाग मागे फिरतो. पाणी आणि ॲक्रिलिकच्या सीमेवर जेमतेम 0.3 टक्के. म्हणून पाण्याने भरलेली खाच डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, तीच कोरडी झाली की चमकते. आतल्या बाजूचा बारीक ओरखडा असेल तर माझं मत स्पष्ट आहे: त्याच्या वाटेला जाऊ नका, पाणी भरा. पण ही रेघ नखाला लागत होती, आणि अशा खाचेत शेवाळ बसलं की ती हिरवी होऊन पुन्हा डोळ्यांत येते.

कणाचा दोष म्हणाल तर तो क्वार्ट्‌झचा. गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून कोसळतो तो कडाही क्वार्ट्‌झच्याच घट्ट जमलेल्या कणांचा. मोहस् मापनपट्टीवर क्वार्ट्‌झचा कठीणपणा 7, साध्या काचेचा साडेपाचच्या आसपास, ॲक्रिलिकचा 3 च्या आसपास. काचेत सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे अणू एकमेकांना चहूबाजूंनी पक्के बांधलेले असतात. ॲक्रिलिक म्हणजे पॉलिमिथाइल मेथॅक्रिलेटच्या लांबच लांब साखळ्यांचा गुंता. साखळीतले बंध मजबूत, पण एका साखळीची दुसरीवरची पकड सैल. कठीण कण त्यातून नांगराच्या फाळासारखा जातो.

मात्र याच मऊपणामुळे ॲक्रिलिकवरचा ओरखडा घरी, हाताने काढता येतो. काचेवरचा नखाला लागणारा ओरखडा काढायला सिरियम ऑक्साइड, मशीन आणि तासन्‌तास लागतात.

आमच्या गल्लीत गाड्यांचं पेंटिंग करणारे एक वयस्क मिस्त्री आहेत. त्यांनी वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचे पेपर, दिले: 400, 800, 1200, 2000. शेवटी लावायला रबिंग कंपाउंड, म्हणजे घासून चमक आणणारी पेस्ट. भाचा पहिल्याच पेपरला दात-ओठ खाऊन घासायला लागला तसे ते म्हणाले, "एवढा जोर कशाला काढूलालास? पेपरला करू दे की काम."

इथे एक गैरसमज काढायला हवा. ओरखडा पुसला जात नाही, बुजतही नाही. त्याच्या भोवतालचा सगळा पृष्ठभाग घासून त्याच्या तळापर्यंत खाली आणावा लागतो. खड्डा तिथेच राहतो, आपण माळ खाली उतरवतो. दहा मिलिमीटर जाडीच्या पत्र्यातून केसाच्या जाडीएवढा थर गेला तर टाकीच्या ताकदीला धक्का लागत नाही. पण फक्त रेघेवरच घासत बसलात तर तिथे उथळ वाटी तयार होते, आणि पारदर्शक पत्र्यातली वाटी म्हणजे भिंग. ओरखडा जाईल, पण मागून जाणारा मासा वाकडा दिसेल. म्हणून रेघेच्या दोन्ही बाजूंना चांगला तळहातभर पट्टा घ्यायचा, पेपर सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळायचा आणि कडेकडेला हात हलका करत जायचं.

400 नंबरच्या पेपरवरचे सिलिकॉन कार्बाइडचे कण साधारण 35 मायक्रॉनचे, 2000 नंबरवरचे 10 मायक्रॉनचे. उद्यमबागेतल्या कारखान्यात ग्राइंडिंगवर काम करणाऱ्याला मायक्रॉन समजावून सांगावा लागत नाही. इतरांनी एवढं ध्यानात ठेवावं की आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. प्रत्येक पेपर आधीचे चरे काढतो आणि स्वतःचे, त्याहून उथळ, मागे ठेवतो. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी 0.4 ते 0.7 मायक्रॉन. पृष्ठभागाचा खडबडीतपणा त्याच्याही बराच खाली गेला की प्रकाश विखुरत नाही, सरळ पार जातो. पॉलिश म्हणजे प्रकाशाला जाणवणार नाहीत इतके बारीक चरे. 2000 चा पेपर तिथवर नेत नाही, म्हणून शेवटी कंपाउंड.

एक पेपर उभा चालवला तर पुढचा आडवा. आडव्या चऱ्यांत एकही उभा चरा उरला नाही की मगच नंबर बदलायचा. 400 वरून थेट 2000 वर उडी मारली तर खोल चरे तसेच राहतात आणि कंपाउंड लावल्यावर ऐन शेवटी उघडे पडतात. दर वेळी पाणी बदलायचं, ठोकळा आणि हात धुवायचे, कारण 400 चा एक चुकार कण 2000 च्या पेपरखाली आला तर सगळं पहिल्यापासून.

आणि प्रत्येक टप्प्याला कोरडं करून बघायचं. भाच्याला मी हे थेंबाने दाखवलं. 800 मारून झालेला भाग वाळल्यावर दुधी काचेसारखा झाला होता. त्यावर बोटाने पाण्याचा एक थेंब ठेवला. थेंबापुरती स्वच्छ खिडकी उघडली आणि पलीकडचं कॅलेंडर वाचता आलं. थेंब पुसला, पुन्हा धुकं. ओल्या पृष्ठभागाने किती लोक फसत असतील! घासताना सगळं नितळ दिसतं, माणूस समाधानाने थांबतो, आणि तासाभराने वाळल्यावर बघतो तर पांढरं.

मशीनचा मोह होतो. ॲक्रिलिक सुमारे 105 अंश सेल्सिअसला मऊ पडतं आणि उष्णता काचेपेक्षा फार हळू वाहून नेतं. फिरता बफ एका जागी टेकला की उष्णता तिथेच साठते, प्लास्टिक ओघळतं आणि तो डाग ओरखड्याहून वाईट दिसतो. पुसायला स्पिरिट, थिनर किंवा अमोनिया असलेला काच-क्लीनर तर मुळीच नको. वाकवताना, जोडताना आलेला ताण पत्र्यात दबून असतो. द्रावक साखळ्यांच्या मध्ये शिरलं की त्या ताणाला वाट मिळते आणि जाळीसारख्या सूक्ष्म भेगा पडतात. त्या आतवर गेलेल्या असतात, वरवर घासून निघत नाहीत.

आतून काम करायचं तर मासे आधी दुसऱ्या टाकीत हलवायचे. गाडीच्या कंपाउंडमध्ये तेल, मेण, सिलिकॉन असू शकतं, त्यामुळे आतल्या बाजूला आम्ही ते लावलंच नाही. 2000 नंतर त्याहून बारीक, कापडी पाठीचे पॉलिशिंग पेपर नुसत्या पाण्यावर 12000 नंबरपर्यंत चालवले. साबणही वापरला नाही, तो माशांच्या कल्ल्यांना घातक.

दोन संध्याकाळी त्यात गेल्या. मग टाकी धुतली, भरली, आणि भाचा पलीकडच्या खिडकीकडे बघत टाकीसमोरून डावीकडून उजवीकडे हळूहळू चालत गेला. गज एका ठिकाणी जरासे लवल्यासारखे दिसले, अगदी जरासे. दुसऱ्या दिवशी मासे सोडले. एंजल मासा त्याच जागेवरून सरकत गेला. त्याच्या अंगावरचे काळे पट्टे सरळच होते.