ट्रान्समिशन गेलंय म्हणतात? आधी वायर बघा

अमेरिकेत जुनी पिकअप बघायला गेलं की एक वाक्य हमखास कानावर येतं, "ट्रान्समिशन (म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) गेलंय, म्हणून स्वस्तात देतोय". गाडी सिग्नलवरून उठताना रडते, रिव्हर्स टाकला की धाडकन दणका बसतो, पण एकदा स्पीड पकडला की मस्त पळते. आपल्याला वाटतं झालं, आता हजारो डॉलरचं काम. पण हीच लक्षणं कित्येकदा गिअरची नसतात, करंटची असतात.

जनरल मोटर्सच्या कितीतरी जुन्या पिकअपमध्ये असलेला 'फोर एल सिक्स्टी ई' हा गिअरबॉक्सच घ्या. गिअर पडतो तेलाच्या प्रेशरने, पण तेल कुठल्या वाटेने जाणार हे ए आणि बी अशी दोन सॉलेनॉइड (करंटवर चालणारे छोटे व्हॉल्व्ह) ठरवतात. पहिल्या गिअरला दोन्ही चालू, दुसऱ्याला फक्त बी, तिसऱ्याला दोन्ही बंद, चौथ्याला फक्त ए. म्हणजे फ्यूज उडाला किंवा सप्लायची गुलाबी वायर तुटली की दोन्ही बंद, आणि गाडी थेट तिसऱ्यातच उठणार! वर क्लच घसरू नयेत म्हणून कॉम्प्युटर प्रेशर फुल करतो, तो दणका त्याचा. म्हणजे गिअरबॉक्स बिचारा ठणठणीत असू शकतो.

आता मजा बघा, हे कोष्टक उलटं वाचलं की कुठली वायर ते पण कळतं. गाडीला दुसरा आणि तिसराच मिळतोय तर ए बंद अडकलाय, पहिला आणि चौथाच मिळतोय तर ए कायम चालू आहे. कायम चालू कसा राहील? या सॉलेनॉइडला प्लस सतत मिळत असतो, कॉम्प्युटर फक्त अर्थिंगची बाजू जोडतो. ती वायर सायलेन्सरच्या पाइपला टेकून वितळली आणि बॉडीला लागली की सॉलेनॉइड आपोआप चालू, आणि फ्यूज काही उडत नाही. (गिअरबॉक्समधला व्हॉल्व्ह अडकला तरी असंच दिसतं, म्हणून गाडीच्या कॉम्प्युटरचे एरर कोड वाचणारा स्कॅनर लावा. १९९६ पासूनच्या गाड्यांना त्यासाठीचं ओबीडी-टू सॉकेट आहेच. पी ०७५३ कोड म्हणजे ए च्या सर्किटमध्ये गडबड, पी ०७५१ आला तर मात्र आतच काहीतरी अडकत असेल.)

खरी फसगत होते मल्टिमीटरने. गिअरबॉक्सच्या वायरांचा कनेक्टर काढला, मीटर लावलं, १२ व्होल्ट आले, "वायर ओके" म्हणून मोकळे झालो. पण मिशिगन-ओहायोकडे बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, ते कनेक्टरमध्ये शिरतं आणि पिनांवर हिरवट थर धरतो, तांब्याच्या भांड्यावर धरतो तसलाच (चिंच लावू नका, कॉन्टॅक्ट क्लीनर मिळतो). समजा त्या थराचा रेझिस्टन्स १२ ओहम आहे. मीटरचा स्वतःचा साधारण १ कोटी ओहम, त्यामुळे करंट जवळजवळ वाहतच नाही आणि त्याला पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. सॉलेनॉइड मात्र २४ ओहमच्या आसपास, तो जोडला की १२ मधले ४ व्होल्ट त्या हिरव्या थरातच जातात, सॉलेनॉइडच्या वाट्याला ८, आणि करंट अर्ध्या अँपिअरवरून एकतृतीयांश अँपिअरवर. वरच्या मजल्यावरच्या नळासारखं, सगळे नळ बंद असताना पाइपात प्रेशर पूर्ण आणि तोटी उघडली की करंगळीएवढी धार.

म्हणून कनेक्टर लावलेलाच ठेवायचा, स्कॅनरने सॉलेनॉइड चालू करायचा, मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं कनेक्टरच्या गुलाबी वायरवर. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर मधे कुठेतरी व्होल्टेज गळतंय. मग हार्नेस (वायरांचा जुडगा) हाताने हलवत जायचं, आकडा जिथे उडी मारेल तिथे तुमचा चोर. फक्त मीटरची सुई वायरच्या कव्हरात खुपसू नका, त्या भोकातून पुढच्या हिवाळ्यात तेच मिठाचं पाणी आत जाईल, ती कनेक्टरच्या मागून सरकवा.